लायसन्सवरचं नाव-पत्ता बदलायचाय? आधी आधार आणि पासपोर्ट समोर ठेवा

मुंबईतून मुंब्र्याला किंवा भिवंडीला राहायला गेलेल्या कितीतरी घरांत ड्रायव्हिंग लायसन्सवर अजून जुन्या चाळीचाच पत्ता आहे. रोज गाडी चालवताना त्याने काही अडत नाही, म्हणून आपण ते काम पुढे ढकलतो. अडतं ते भलत्याच वेळी. नवं कार्ड टपालाने जुन्या पत्त्यावर जातं, किंवा आखातातल्या नोकरीसाठी कागद जमवताना पासपोर्टवर एक नाव आणि लायसन्सवर दुसरं निघतं.

पत्त्याचं काम तसं सोपं. केंद्र सरकारच्या 'सारथी' पोर्टलवर महाराष्ट्र निवडा, 'सर्व्हिसेस ऑन डीएल'मध्ये लायसन्स नंबर व जन्मतारीख टाका आणि पत्ता बदलण्याची सेवा निवडा. आधारच्या ओटीपीने ओळख पटवली की हे घरबसल्या होऊ शकतं. मात्र मोबाईल आधारला जोडलेला हवा आणि आधारवर नवा पत्ता आधीच चढलेला हवा, कारण पत्ता तिथूनच उचलला जातो. बदलाची फी केंद्रीय नियमानुसार 200 रुपये, स्मार्ट कार्डाचे पैसे वेगळे. लायसन्सचा नंबर तोच राहतो. मुंब्र्याला आलात म्हणून एमएच 01 चं एमएच 04 होत नाही. पत्त्यात इमारतीचं नाव, विंग, खोली नंबर पूर्ण असू द्या, नाहीतर पोस्टमन कार्ड परत नेतो.

खरी डोकेदुखी नावाची. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यावर आडनावापासून सुरू होतं, आधारवर वडिलांचं नाव गळतं, आणि मोहम्मदचं कुठे 'मोहं.' तर कुठे 'एमडी' होतं. शेख, सय्यदच्या इंग्रजी स्पेलिंगबद्दल तर बोलायलाच नको. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळली नाही तर डिजिलॉकरमध्येही लायसन्स उतरत नाही.

आमचा सल्ला असा की लायसन्सला सगळ्यात शेवटी हात लावा. पासपोर्ट असेल तर त्यावरचं स्पेलिंग धरा, नसेल तर शाळेच्या किंवा जन्माच्या दाखल्यावरचं. त्याप्रमाणे आधी आधार, मग पॅन, मग लायसन्स. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे सायबर कॅफेवाल्याने टाईप केलेलं प्रत्येक अक्षर स्वतः वाचून मगच हो म्हणा. अक्षराची चूक असेल तर मूळ दाखला पुढे करता येतो. नाव पूर्णच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून ती प्रत जोडावी. अर्ज ऑनलाइन भरला तरी मूळ कागद घेऊन आरटीओत जायची तयारी ठेवा.

भगिनींसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. निकाहनंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. वडिलांचं नाव ठेवायचं असेल तर कागद जसे आहेत तसेच राहू द्या, निम्मी धावपळ वाचते. सासरचं नाव लावायचं असेल तर फक्त काझीसाहेबांचा निकाहनामा पुरेल असं धरून चालू नका. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत विवाहनोंदणी करून दाखला घ्या. तो पुढे पासपोर्ट, बँक, वारसा, सगळीकडे लागतो. घरातल्या मोठ्यांनी हे काम लग्नाच्या गडबडीतच उरकून दिलं तर मुलीवर उपकार होतील.

अब्बांच्या वेळचं जुनं पुस्तकी लायसन्स सारथीवर दिसत नसेल तर घाबरू नका. ज्या आरटीओने ते दिलं तिथे अर्ज करून नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. ते झाल्याशिवाय ऑनलाइन काहीच पुढे सरकत नाही.

व्हॉट्सॲपवर आरटीओच्या नावाने आलेली एपीके फाईल मात्र चुकूनही उघडू नका, खातं रिकामं होतं. खऱ्या पोर्टलच्या पत्त्याचा शेवट 'गव्ह डॉट इन' असा असतो.

आणि लायसन्सवर पत्ता बदलला म्हणजे गाडीच्या आरसी बुकावर आपोआप बदलत नाही. तो अर्ज 'वाहन' पोर्टलवर वेगळा करायचा, आणि मोटार वाहन कायद्याने त्याला घर बदलल्यापासून 30 दिवसांचीच मुदत आहे.