रेडिओ कंट्रोल ट्रान्समीटरमधील लिथियम पॉलिमर बॅटरी

रेडिओ कंट्रोल ट्रान्समीटर हे विमान, हेलिकॉप्टर, मोटार, नौका इत्यादींच्या लहान प्रतिकृती दुरून चालवण्यासाठी हातात धरायचे उपकरण आहे. या उपकरणाला वीज पुरवण्यासाठी पूर्वी निकेल-कॅडमियम आणि पुढे निकेल-मेटल हायड्राइड प्रकारच्या बॅटऱ्या वापरल्या जात. २००० च्या दशकापासून त्यांच्या जागी लिथियम पॉलिमर बॅटऱ्याही वापरात आल्या. हौशी वर्तुळात या बॅटरीला 'लिपो' असे म्हणतात. लिपो बॅटरी वजनाने हलकी असते आणि न वापरता ठेवली तरी तिच्यातील विद्युतभार फारच सावकाश घटतो. मात्र तिचा विद्युतदाब, चार्ज करण्याची पद्धत आणि रिकामे होण्याची सुरक्षित मर्यादा या तिन्ही बाबी निकेल बॅटरीहून भिन्न आहेत. त्यामुळे निकेल बॅटरीसाठी बनवलेल्या ट्रान्समीटरमध्ये लिपो बसवताना या तिन्ही बाबींचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

== रचना ==
लिपो बॅटरी ही लिथियम-आयन बॅटरीचाच एक प्रकार आहे. दंडगोलाकार लिथियम-आयन घटाला धातूचे कठीण कवच असते. लिपो घट मात्र प्लास्टिक व ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांच्या चपट्या पिशवीत बंद केलेला असतो. बाजारातील बहुतेक लिपो घटांत घन बहुवारिकाऐवजी जेलसदृश विद्युत अपघटनी पदार्थ असतो. कठीण कवच नसल्याने घट हलका होतो. परंतु टोचणे, दबणे किंवा वाकणे यांपासून त्याला फारसे संरक्षण मिळत नाही. घटात वायू तयार झाल्यास पिशवी फुगते. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

एका लिपो घटाचा नाममात्र विद्युतदाब ३.७ व्होल्ट असतो. पूर्ण चार्ज झालेल्या घटाचा विद्युतदाब ४.२ व्होल्ट असतो आणि तो ३.० व्होल्टच्या खाली गेल्यास घटाची कायमची हानी होऊ शकते. एकसरीत जोडलेल्या घटांची संख्या 'एस' या अक्षराने दर्शवतात. त्यानुसार दोन घटांची बॅटरी '२एस' व तीन घटांची '३एस' म्हणून ओळखली जाते.

== विद्युतदाबाची जुळणी ==
ट्रान्समीटरमध्ये सामान्यतः आढळणाऱ्या बॅटऱ्यांचे विद्युतदाब पुढीलप्रमाणे असतात :

* निकेल-मेटल हायड्राइड, ६ घट : नाममात्र ७.२ व्होल्ट
* निकेल-मेटल हायड्राइड, ८ घट : नाममात्र ९.६ व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना सुमारे ११.५ व्होल्ट
* लिपो, २एस : नाममात्र ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट
* लिपो, ३एस : नाममात्र ११.१ व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट

८ निकेल घटांच्या जागी ३एस लिपो बसवल्यास ट्रान्समीटरला मूळ बॅटरीपेक्षा अधिक विद्युतदाब मिळतो. तो चालेल की नाही, हे आतील दाबनियामकावर अवलंबून असते. अनेक जुन्या ट्रान्समीटरमध्ये रेषीय नियामक असतो. हा नियामक जास्तीच्या विद्युतदाबाचे रूपांतर उष्णतेत करतो. उदाहरणार्थ, आतील मंडल ५ व्होल्टवर चालत असून ते २०० मिलिअँपिअर विद्युतधारा घेत असल्यास ९.६ व्होल्टच्या बॅटरीवर नियामकात ०.९२ वॅट उष्णता निर्माण होते, १२.६ व्होल्टवर ती १.५२ वॅट होते. बंद पेटीत ही वाढ नियामकाचे आयुष्य कमी करू शकते. म्हणून निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेली विद्युतदाबाची कमाल मर्यादा पाहूनच बॅटरी निवडणे योग्य ठरते. अलीकडील अनेक ट्रान्समीटर २एस लिपोवर किंवा १८ मिलिमीटर व्यासाच्या व ६५ मिलिमीटर लांबीच्या '१८६५०' या दोन लिथियम-आयन घटांवर चालतील असेच बनवलेले असतात. त्यांत हा प्रश्न उद्भवत नाही.

बॅटरीच्या जोडणीतील धन व ऋण तारांचा क्रम सर्व निर्मात्यांचा सारखा नसतो. जोडणी सहज बसली तरी ध्रुव उलटे असू शकतात. उलट जोडणीने ट्रान्समीटरचे मंडल जळू शकते. त्यामुळे प्रथम मल्टिमीटरने ध्रुव तपासणे आवश्यक असते.

== चार्जिंग ==
निकेल बॅटरीसोबत मिळणारा साधा चार्जर मंद व जवळजवळ स्थिर विद्युतधारा पुरवत राहतो. निकेल बॅटरी अशा मंद धारेचा थोडा अतिरेक सहन करते. लिपो करत नाही. लिपो घट दोन टप्प्यांत चार्ज करतात. प्रथम स्थिर विद्युतधारा दिली जाते. प्रत्येक घटाचा विद्युतदाब ४.२ व्होल्टवर पोहोचल्यावर तो तेथेच स्थिर ठेवून विद्युतधारा हळूहळू कमी होऊ दिली जाते व ती पुरेशी क्षीण झाल्यावर चार्जिंग थांबवले जाते. निकेल चार्जर हा दुसरा टप्पा पाळत नाही. त्यामुळे घट ४.२ व्होल्टच्या पुढे जातो, ऋणाग्रावर लिथियम धातूचा थर साचू लागतो, अपघटनी पदार्थाचे विघटन होऊन वायू निर्माण होतो आणि अखेरीस घट पेट घेऊ शकतो. म्हणून निकेल चार्जरवर लिपो बॅटरी कधीही लावू नये.

अनेक जुन्या ट्रान्समीटरमध्ये चार्जिंगच्या सॉकेटमागे एक डायोड असतो. तो विद्युतधारा उलट दिशेने वाहू देत नाही. या डायोडमुळे बाहेरील चार्जरला बॅटरीचा खरा विद्युतदाब मोजता येत नाही. शिवाय या सॉकेटमधून प्रत्येक घटाचा विद्युतदाब वेगवेगळा तपासण्याची सोय नसते आणि आतील बारीक वाहक पट्ट्या मोठ्या विद्युतधारेसाठी बनवलेल्या नसतात. या कारणांमुळे लिपो बॅटरी ट्रान्समीटरमधून बाहेर काढून, बॅलन्स जोडणीसह, लिपोसाठीच्या चार्जरवर चार्ज करतात. ज्या ट्रान्समीटरमध्ये लिथियम घटांसाठीचे चार्जिंग मंडल निर्मात्यानेच बसवलेले असते, त्यांचा याला अपवाद आहे. यूएसबी सॉकेट दिसते एवढ्यावरून मात्र असे मंडल आत आहेच असा निष्कर्ष काढता येत नाही. ते सॉकेट केवळ माहितीच्या देवाणघेवाणीसाठीही असू शकते.

चार्जिंगची विद्युतधारा सामान्यतः बॅटरीच्या क्षमतेच्या एकपट ठेवतात. २,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेसाठी ती २ अँपिअर होते. चार्जरवर बॅटरीचा प्रकार आणि घटांची संख्या अचूक निवडणे हे सर्वांत महत्त्वाचे असते. ० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात लिपो चार्ज करू नये.

== कमी विद्युतदाबाचा इशारा ==
ट्रान्समीटरची बॅटरी उड्डाणादरम्यान संपल्यास विमानाशी असलेला संपर्क तुटतो. अशा वेळी रिसीव्हरमधील 'फेलसेफ' व्यवस्था इंजिन किंवा मोटर बंद करू शकते, परंतु विमान सुखरूप उतरवू शकत नाही. म्हणून बॅटरी संपत आल्याचा इशारा वेळेवर मिळणे महत्त्वाचे असते.

८ निकेल घटांसाठी हा इशारा ८.५ व्होल्टवर ठेवलेला असल्यास प्रत्येक घट तेव्हा सुमारे १.०६ व्होल्टवर असतो. त्याच ट्रान्समीटरमध्ये ३एस लिपो बसवली, तर इशारा वाजेपर्यंत प्रत्येक घट २.८३ व्होल्टपर्यंत उतरलेला असतो. म्हणजे सुरक्षित मर्यादा आधीच ओलांडलेली असते. उलट २एस लिपो बसवल्यास पूर्ण चार्ज असतानाही विद्युतदाब ८.४ व्होल्टच असल्याने इशारा सुरुवातीपासूनच वाजत राहतो आणि तो निरुपयोगी ठरतो. इशाऱ्याची मर्यादा प्रतिघट सुमारे ३.५ व्होल्ट, म्हणजे २एससाठी ७.० व ३एससाठी १०.५ व्होल्ट, अशी ठेवल्यास उतरण्यासाठी पुरेसा अवधी मिळतो. लिपोचा विद्युतदाब बराच काळ संथपणे उतरतो, पण शेवटी तो झपाट्याने कोसळतो. म्हणून इशारा मिळताच विमान उतरवावे. ज्या ट्रान्समीटरमध्ये ही मर्यादा बदलता येत नाही, त्यांत उड्डाणाचा वेळ मोजून किंवा बॅटरीला स्वतंत्र दर्शक जोडून काम भागवावे लागते.

काही बॅटऱ्यांत विद्युतदाब फार उतरल्यास पुरवठा तोडणारे संरक्षक मंडल असते. ते बॅटरीचे रक्षण करते, परंतु उड्डाण चालू असताना पुरवठा अचानक खंडित करते. त्यामुळे असे मंडल इशाऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

== क्षमता व वापराचा काळ ==
मोटरसाठीच्या लिपो बॅटरीत मोठी विद्युतधारा देण्याची क्षमता लागते. ट्रान्समीटरची गरज मात्र अल्प असल्याने तेथे हा गुण महत्त्वाचा नसतो. २०० मिलिअँपिअर विद्युतधारा घेणारा ट्रान्समीटर २,२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर, ८० टक्के क्षमता वापरल्यास, सुमारे पावणेनऊ तास चालतो. रंगीत पडदा असलेले ट्रान्समीटर अधिक विद्युतधारा घेतात. ट्रान्समीटर बंद करायचा राहून गेल्यास संरक्षक मंडल नसलेली लिपो पूर्णपणे रिकामी होऊन निकामी होते.

== साठवण व सुरक्षा ==
दीर्घकाळ वापर नसल्यास लिपो बॅटरी प्रतिघट सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवतात. पूर्ण चार्ज स्थितीत आणि उष्ण जागी, विशेषतः उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत, ठेवल्यास तिची क्षमता लवकर घटते. चार्जिंग न पेटणाऱ्या पृष्ठभागावर आणि देखरेखीखाली करावे. पेटलेल्या घटाचा धूर विषारी असतो. त्यामुळे प्रथम तेथून दूर होणे आवश्यक असते. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या, अग्रे झाकून, केवळ हातातील सामानात नेता येतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सामान्यतः विमान कंपनीच्या पूर्वपरवानगीची गरज नसते. २,२०० मिलिअँपिअर-तासांच्या ३एस बॅटरीची ऊर्जा सुमारे २४ वॅट-तास असते.

== पर्याय ==
लिथियम आयर्न फॉस्फेट घटाचा नाममात्र विद्युतदाब ३.२ ते ३.३ व्होल्ट असतो. उष्णतेला तो लिपोपेक्षा अधिक स्थिर असतो. मात्र त्यालाही त्याच्या प्रकारासाठीचाच चार्जर लागतो. विद्युतभार दीर्घकाळ टिकवणारे निकेल-मेटल हायड्राइड घट २००५ मध्ये सान्यो या जपानी कंपनीने 'एनेलूप' या नावाने बाजारात आणले. जुन्या ट्रान्समीटरमध्ये कोणताही बदल न करता ते वापरता येतात.

== विल्हेवाट ==
निकामी लिपो बॅटरी घरगुती कचऱ्यात टाकू नये. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांना लागू असून वापरलेल्या बॅटऱ्यांचे संकलन व पुनर्चक्रीकरण यांची जबाबदारी त्यांनुसार उत्पादकांवर आहे. संकलनासाठी देण्यापूर्वी बॅटरीची अग्रे विद्युतरोधक पट्टीने झाकावीत.