वनस्पतिसंग्रह
वनस्पतिसंग्रह : दाबून वाळविलेल्या व जाड कागदावर पक्क्या बसविलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचा वर्गीकरणानुसार लावलेला साठा. ही पद्धत इटलीतील लूका गीनी (सु. १४९०–१५५६) यांनी रूढ केली, असे मानतात. हिवाळ्यात बागा उजाड असतानाही अध्यापन चालू ठेवता यावे, ही तीमागील मोठी सोय होय.

महाराष्ट्रात पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील मार्शल वुड्रो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठा संग्रह केला. तेथील माजी प्राचार्य थीओडोर कुक (१८३६–१९१०) यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १९०१–०८ मध्ये प्रसिद्ध झाला. बार्शी तालुका इलाख्यात असल्याने त्या ग्रंथाच्या कक्षेत आला. शेजारचे भूम हैदराबाद संस्थानात असल्याने बाहेर राहिले. तरवड-बाभळींना ही सीमा अर्थातच ठाऊक नव्हती. मराठवाडा विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (१९५८) ही उणीव भरून येऊ लागली. व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्यातील वनस्पतींवरील इंग्रजी ग्रंथ १९७९ मध्ये, तर मराठवाड्यावरील ग्रंथ १९९८ मध्ये निघाला.

नमुना शक्यतो फुलाफळांसह घेतात. तो टीपकागदात वा जुन्या वर्तमानपत्रांत पसरून दाबयंत्रात आवळतात. सुरुवातीस कागद रोज बदलावे लागतात. पावसाळी हवेत हयगय झाल्यास बुरशी येते व पाने काळी पडतात. निवडुंगासारख्या मांसल वनस्पती दाबल्यावरही जिवंत राहतात, म्हणून त्या आधी उकळत्या पाण्यात बुडवितात. वाळलेला नमुना सु. ४२ × २८ सेंमी. कागदावर चिकटवितात किंवा टाके घालून बसवितात. किडीपासून रक्षणासाठी पूर्वी रसकापूर सर्रास वापरीत. तो मनुष्यासही विषारी असल्याने आता गोठवण पसंत करतात.

कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील चिठ्ठीत नाव, स्थळ, दिनांक, संग्राहक व त्याचा क्रमांक, तसेच फुलाचा रंग, झाडाची उंची इ. वाळल्यावर न कळणाऱ्या बाबी लिहितात. विद्यार्थ्यांच्या संग्रहात हीच चिठ्ठी बहुधा परीक्षेच्या आदल्या रात्री स्मरणाने भरली जाते. असा नमुना ओळख शिकविण्यापुरता चालतो, पुरावा म्हणून नाही. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या नमुन्यावर नुसते ‘उस्मानाबाद जिल्हा’ असेल, तर तो बालाघाटातील भूमचा की उदगीरकडचा, हे ठरविता येत नाही. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. त्यामुळे गाव व तालुका लिहिणे अधिकच अगत्याचे ठरते.

खर्पुडीसारख्या कंदयुक्त दुर्मिळ वनस्पती गुणांसाठी समूळ उपटल्या जाऊ नयेत म्हणून अनेक शिक्षक आता छायाचित्र स्वीकारतात.