मुक्या चिपला वाचा कशी फुटली?

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचे वाय-फाय मध्येच तुटते, जोडले जाते, पुन्हा तुटते. शेजारी विंडोजवर चालणारा तसाच संगणक मात्र बिनतक्रार काम करत असतो. मग ‘लिनक्समध्येच खोट आहे’ असा निष्कर्ष चटकन काढला जातो. ही खोट खरोखर कोठे होती आणि ती कशी दूर झाली, याचा इतिहास उद्बोधक आहे. विज्ञानाच्या पद्धतीचा एक चांगला धडाही त्यात आहे.

वाय-फायची चिप म्हणजे एक छोटा रेडिओ. तिला आज्ञा देण्यासाठी तिच्यात रजिस्टर नावाचे अनेक नोंदखाने असतात. कोणत्या खान्यात कोणता आकडा भरला की कोणती वारंवारता मिळेल, प्रक्षेपणाची शक्ती किती राहील, हे ज्या प्रोग्रॅमला ठाऊक असते तो ड्रायव्हर. खाने ठाऊक नसतील, तर उत्तम चिपही मुकीच राहते. अर्धवट ठाऊक असतील, तर ती अडखळत बोलते. दुवा तुटण्याचे एक मोठे कारण हेच होते.

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची घोषणा १९९१ साली केली. बिनतारी जाळ्यांसाठी आयईईई ८०२.११ हे मानक १९९७ साली आले. दोन यंत्रांनी हवेतून एकमेकांशी कसे बोलावे हे या मानकाने ठरवून दिले. पण संगणकाने स्वतःच्या चिपशी कसे बोलावे, ही बाब उत्पादकांवर सोडली गेली. अनेक उत्पादक विंडोजसाठी ड्रायव्हर देत; लिनक्ससाठी ना ड्रायव्हर, ना माहिती. याचे एक कारण असे सांगितले जाई, की प्रक्षेपणाची शक्ती आणि वारंवारता आता सॉफ्टवेअर ठरवते. माहिती उघड केली तर कोणीही कायद्याची मर्यादा ओलांडेल. हे नियम देशोदेशी वेगळे असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अमेरिकेत सर्वसाधारणपणे ११ वाहिन्या वापरतात, युरोपात १३. भारताने हा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त केला.

पहिला मोठा उपाय दुभाष्याचा होता. २००३ साली सुरू झालेला एनडीआयएसरॅपर हा प्रोग्रॅम विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सवर चालवून दाखवी. अनेकांचे काम त्याने भागले, पण दुभाष्याच्या मर्यादा लवकरच उघड झाल्या. विंडोजच्या ड्रायव्हरला कामापुरती स्मृती १२ किलोबाइटपर्यंत मिळेल असे गृहीत असे. त्या काळच्या लिनक्समध्ये ती ८ किंवा ४ किलोबाइटच असे. जागा अपुरी पडली की अख्खा संगणक गोठे. चूक कोठे आहे हे शोधायचे, तर आतला प्रोग्रॅम वाचण्याची सोय नव्हती.

दुसरा उपाय कष्टाचा होता. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिप त्या वेळी असंख्य संगणकांत होत्या. स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटाने उपलब्ध बंद ड्रायव्हरची यंत्रभाषा उलगडून तो काय करतो, हे साध्या शब्दांत लिहून काढले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हर न पाहता, केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये, म्हणून ही भिंत. डिसेंबर २००५ मध्ये हा ड्रायव्हर जाहीर झाला आणि जून २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, दाखल झाला.

या वर्णनातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. चिपला एकदा आज्ञा देऊन भागत नाही. ती तापते, भोवतालचा गोंगाट बदलतो. म्हणून ड्रायव्हर दर १५, ३० व ६० सेकंदांनी तिची जुळणी तपासत असतो. ही कामे ज्याला ठाऊक नाहीत, त्या ड्रायव्हरचा दुवा सुरुवातीला ठीक चालून पुढे ढासळला तर नवल नाही.

यानंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. सर्व ड्रायव्हरना लागणारी समान कामे एकत्र करणारा मॅक८०२११ हा पाया जुलै २००७ मध्ये कर्नलमध्ये आला. एकाची दुरुस्ती अनेकांना मिळू लागली. २००८ साली अथेरॉसने आपला एटीएच९के हा ड्रायव्हर खुला केला, तर सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला. खुलेपणाचे फळ पुढे संशोधनातही दिसले. एक संथ संगणक हवेतील बहुतेक वेळ खाऊन टाकतो आणि इतर ताटकळतात, ही जुनी तक्रार होती. २०१७ साली स्वीडनमधील कार्लस्टाड विद्यापीठाचे टोके हॉइलंड-योर्गेनसेन आणि सहकाऱ्यांनी एटीएच९केमध्येच बदल करून वेळेची समान वाटणी साधली. जाळ्यावर भार असतानाचा विलंब सुमारे दहापट कमी झाला. बंद ड्रायव्हरवर बाहेरच्या संशोधकांना हा प्रयोग करताच आला नसता.

गोष्ट मात्र संपलेली नाही. आजच्या अनेक चिपच्या आत फर्मवेअर नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम चालतो, आणि तो बहुधा बंदच असतो. शाळेतील लिनक्स संगणकाचा दुवा तुटत असेल, तर आधी चिपचे नेमके नाव पाहावे, मग तिला कोणता ड्रायव्हर व कोणते फर्मवेअर मिळाले आहे ते कर्नलच्या नोंदींत तपासावे. त्यानंतर चिपची वीजबचत बंद करून पाहावी, कारण डुलकी घेतलेली चिप वेळेवर जागी न होणे हेही एक नेहमीचे कारण आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि काय झाले ते लिहून ठेवावे.

वर्गातही या इतिहासाचा एक प्रयोग करता येईल. एका गटाने साधे उपकरण पाहून त्याचे वर्णन लिहावे; दुसऱ्या गटाने उपकरण न पाहता, त्या वर्णनावरून ते बनवावे. जिथे काम अडेल, तिथे वर्णनात काय राहिले ते शोधावे. निरीक्षण पुरते झाले की नाही, हे विद्यार्थ्यांना आपोआप कळेल.