चढवणे, रोपणे, उतरवणे

पेनड्राइव्ह टर्मिनलवरून जोडणारे मराठी लोक 'माउंट केला' म्हणतात. शब्दाचे मूळ डोंगरात आहे. लॅटिन 'मॉन्स' म्हणजे डोंगर. त्यावरून फ्रेंच 'मोंते' म्हणजे चढणे, आणि तिथून इंग्रजीत घोड्यावर स्वार होणे. आपला 'स्वार' जुन्या फारसी 'असबार'चा वंशज. 'अस' म्हणजे अश्व, 'बार' संस्कृत 'भृ'चा भाऊ. म्हणजे घोड्याने वाहिलेला तो स्वार.

संगणकाकडे हा शब्द चुंबकीय फितींमुळे आला असावा. ऑपरेटर फितीचे रीळ उचलून यंत्रावर खरोखरच चढवत असे. बेल लॅब्जमधल्या युनिक्स या कार्यप्रणालीच्या नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेत 'माउंट' आणि 'यूमाउंट' या दोन्ही आज्ञा सापडतात. पण आज्ञेचे काम हाताच्या कामाहून वेगळे आहे. युनिक्सचे कर्ते रिची आणि टॉम्पसन यांनी १९७४ च्या लेखात ते वृक्षाच्या भाषेत सांगितले: फाइलींच्या झाडाचे एक पान जाऊन त्या जागी अख्खा उपवृक्ष येतो. मराठीत याला कलम करणे म्हणावे. हा 'कलम' अरबी-फारसीतून आला. त्याच्या मागे ग्रीक 'कालामोस', म्हणजे बोरू, आहे असे दिसते.

चढणे आणि झाड लावणे हे दोन अर्थ इंग्रजी शब्दात एकत्र नाहीत. संस्कृत 'रुह्' धातूत मात्र आहेत. रुह् म्हणजे चढणे आणि उगवणेही. 'आरोहण' त्याचेच, वृक्षाचे 'आरोपण' त्याचेच. आपले शेतातले 'रोप'ही त्याच घरचे असावे. वेदान्तातला 'अध्यारोप' तर इथे नेमका बसतो: दोरीवर सापाचा आरोप झाला की दोरी दिसत नाही. आधीच फाइली असलेल्या डिरेक्टरीवर पेनड्राइव्ह माउंट करून पाहा. जुन्या फाइली दिसेनाशा होतात, पण नाश पावत नाहीत. आरोप काढला की जशाच्या तशा प्रकटतात.

आरोप काढणारी आज्ञा 'यूमाउंट'. 'अनमाउंट'मधला 'एन' कुठे गेला? आखूड नावांची हौस हेच कारण असावे. याच मंडळींनी 'क्रिएट'चा शेवटचा 'ई' गाळला होता. संस्कृतातही नकाराचा 'न्' व्यंजनापुढे गळतो: 'अनंत', पण 'अचल'. 'म' व्यंजनच! मात्र हे साम्य योगायोगाचे. 'अनमाउंट'मधला 'अन' अभावाचा नाही, क्रिया उलटवणारा आहे.

मराठीत आपण सहज 'उतरवणे' म्हणू. उतरणे हे 'उत्' आणि 'तृ' यांतून आलेले. तृ म्हणजे तरून जाणे. 'तीर्थ', 'उत्तीर्ण' ही त्याचीच भावंडे. म्हणून हा शब्द मला 'यूमाउंट'हूनही नेमका वाटतो. कॉपी झाली असे दिसले तरी बराच मजकूर अजून संगणकाच्या स्मृतीतच थांबलेला असतो. ही आज्ञा तो पेनड्राइव्हपर्यंत तरून नेते. म्हणूनच ती कधी कधी वेळ लावते. 'टार्गेट इज बिझी' असे उत्तर आले, तर एखादा प्रोग्रॅम, किंवा तुमचे टर्मिनलच, त्या डिरेक्टरीत अजून बसलेले असते. त्याला आधी बाहेर काढावे.

तेव्हा वाचकहो, 'माउंट'ला मराठीत 'चढवणे' म्हणा की 'रोपणे', दोन्हींना धात्वर्थाचा आधार आहे. 'यूमाउंट'ला मात्र 'उतरवणे'च म्हणा, आणि आज्ञा पुरी होऊन प्रॉम्प्ट परत आल्याशिवाय पेनड्राइव्हला हात लावू नका.