सावधान : जांबचा नकार आणि समूहाचा संकेत

आजच्या जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. शके 1530 मध्ये (इ.स. 1608) सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जन्मलेला नारायण बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघून गेला, ही कथा मराठी सांस्कृतिक स्मृतीत इतकी मुरली आहे की तिची चिकित्सा करण्याची गरज सहसा भासत नाही. कथेचा तपशील मुख्यतः संप्रदायातील उत्तरकालीन चरित्रग्रंथांतून व बखरींतून आलेला आहे. त्यामुळे प्रसंग कसा घडला यापेक्षा तो असा का सांगितला गेला, हा प्रश्न साहित्येतिहासाच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरतो.

परंपरागत कथनानुसार नारायणाचा लग्नाला विरोध होता. परंतु अंतरपाट धरीपर्यंत नकार द्यायचा नाही, असे वचन आई राणूबाईंनी त्याच्याकडून घेतले. त्याने ते अक्षरशः पाळले. आप्त, पुरोहित, मुहूर्त आणि मातृवचन हे सारे एका बाजूला असताना तो मांडवात उभा राहिला. ‘शुभमंगल सावधान’ हे शब्द कानी पडताच मात्र तो निघाला. बाह्य अनुसरण आणि आंतरिक संमती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या कथेने मानसशास्त्राच्या पुष्कळ आधी ओळखले होते.

सॉलोमन ॲश यांनी 1950 च्या दशकात अमेरिकेत केलेले प्रयोग येथे सहज आठवतात. रेषांची लांबी उघड दिसत असतानाही, आधीच फितवलेल्या बहुमताने चुकीचे उत्तर दिले की प्रयोगार्थी सुमारे एकतृतीयांश वेळा त्याच उत्तराकडे वळत. आपण चूक बोलत आहोत हे त्यांच्यापैकी अनेकांना कळत होते. मात्र गटातील एका व्यक्तीने जरी खरे उत्तर दिले, तरी हे प्रमाण झपाट्याने घसरे. एकाकीपण मोडायला एक साथीदार पुरेसा होता.

जांबच्या कथेत असा साथीदार नाही. त्याची जागा एका शब्दाने घेतली आहे. समूहाने विधीसाठी उच्चारलेला ‘सावधान’ हा संकेत नारायण शब्दशः ऐकतो. वक्त्यांच्या दृष्टीने ज्याचा अर्थ विधीत विरून गेला आहे, तोच शब्द श्रोत्याला इशारा ठरतो. नकाराचे समर्थन अशा रीतीने समूहाच्याच भाषेतून मिळवले जाते, आणि म्हणूनच ते समूहाला पचते. पळून जाणारा मुलगा विरक्त ठरतो. वधूचे पुढे काय झाले, याकडे मात्र या कथनाचे लक्ष फारसे जात नाही. नकाराची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न संतत्वाच्या प्रकाशात झाकोळून जातो.

पुढचा विरोधाभास ‘दासबोधा’त आहे. या ग्रंथाच्या दुसऱ्या दशकातील पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. कारण नसता हसणारा, स्वतःची स्तुती करणारा, अनेकांशी वैर धरणारा असे एकेक वर्तन तेथे मूर्खपणाच्या शिक्क्याखाली येते. उपहास हे समूहनियमनाचे जुने आणि स्वस्त साधन. दंडाहूनही ते खोल जाते, कारण ऐकणारा स्वतःच स्वतःला तपासू लागतो. बाराव्या दशकाच्या आरंभी तर आधी प्रपंच नीट करावा, मग परमार्थ पाहावा, असा उपदेश येतो. ज्याने प्रपंचाच्या उंबरठ्यावर पाठ फिरवली, त्याच्याच ग्रंथात ही शिस्त सांगितली जावी, हे केवळ विसंगती म्हणून सोडून देता येत नाही. मठ आणि महंत यांची रचना उभारणाऱ्याला समूहाची गरज असते, आणि समूह म्हटला की आचारसंहिता आली.

तेव्हा जांबची कथा बंडाची आणि ‘दासबोध’ शिस्तीचा, अशी सोपी वाटणी टिकत नाही. समूह अपवादाला पूज्य ठरवतो आणि त्याच वेळी त्याचे अनुकरण अशक्य करून ठेवतो. ‘सावधान’ आजही प्रत्येक मांडवात म्हटले जाते. ते ऐकून कोणी निघून जावे, अशी अपेक्षा मात्र कोणाचीच नसते.