हलक्या धातूची झीज आणि त्रावणकोरची वाळू

लोखंड, तांबे, कथील यांच्या मानाने मॅग्नेशियम हा अगदी अर्वाचीन धातू होय. 1808 मध्ये हम्फ्री डेव्हीने त्याचे अस्तित्व सिद्ध केले, 1833 मध्ये मायकेल फॅरडेने त्याचे क्लोराइड वितळवून त्यातून विद्युत्प्रवाह सोडून तो वेगळा काढला, आणि 1852 मध्ये रॉबर्ट बुन्सेनने हीच रीत अशा योग्यतेस नेली की पुढच्या पिढीतील कारखानदारांना तिच्यावर भरवसा ठेवता आला. पाण्याच्या पावणेदोनपट, म्हणजे पोलादाच्या चौथाईहूनही कमी वजनाचा हा धातू विमानाच्या युगास साजेसा आहे हे जर्मनीतील ग्रीसहाइम-इलेक्ट्रॉन कंपनीने प्रथम ओळखले, आणि 1909 साली फ्रँकफुर्टच्या विमानप्रदर्शनात ‘इलेक्ट्रॉन’ या नावाने त्याचे मिश्रधातू जगापुढे मांडले.

परंतु हलकेपणाबरोबर या धातूस जन्मतःच एक वैगुण्य लाभले होते. दुसऱ्या धातूवर घासत राहण्याचा प्रसंग आला की तो फार लवकर झिजे. तो मुळात मऊ, त्यात त्याच्या पृष्ठावर चढणाऱ्या भस्माचे आकारमान ते ज्या धातूपासून बनले त्याच्या सुमारे चार-पंचमांशच असल्यामुळे ते भस्म पृष्ठाला पुरते झाकू शकत नाही, आणि ॲल्युमिनियमला त्याच्या स्वतःच्या भस्माचे जे घट्ट कवच मिळते ते मॅग्नेशियमच्या वाट्यास येत नाही. अमेरिकेत डाऊ कंपनीने या धातूचे दट्टे करून पाहिले, आणि 1921 साली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकणाऱ्या मोटारीत ते बसवलेही होते. तरी शर्यतीच्या मैदानावरचा हा विजय रोजच्या वाहतुकीच्या रस्त्यावर टिकला नाही आणि दट्ट्याचे काम अखेरीस ॲल्युमिनियमकडेच गेले.

या वैगुण्यावर जो उतारा पुढे लाभला, तो कोणीही त्यासाठी शोधलेला नव्हता, ही या इतिहासातील मला सर्वांत विलक्षण वाटणारी बाब आहे. तो उतारा म्हणजे सेरियम, लँथेनम, निओडिमियम इत्यादी विरल मृत्तिका धातू. ज्या बुन्सेनने मॅग्नेशियमची विद्युत्-रीत बसवली, त्याच्याच प्रयोगशाळेत 1875 मध्ये हिलेब्रँड आणि नॉर्टन या दोघांनी सेरियम व लँथेनम हे धातू शुद्ध रूपात वेगळे केले, आणि पुढे त्याच बुन्सेनपाशी हायडेलबर्गला शिकून गेलेल्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनज्ञाने विरल मृत्तिकांना पेढीच्या हिशेबात आणले. आउअरने सिद्ध केलेला गॅसबत्तीचा मँटल, ज्याच्या शुभ्र उजेडात आपल्याकडच्या कित्येक वराती मिरवल्या, तो शेकडा 99 भाग थोरियम ऑक्साइड आणि केवळ एक भाग सेरियम ऑक्साइड यांचा असे. थोरियम मिळे मोनाझाइट नावाच्या वाळूतून, आणि 1909 च्या सुमारास शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञाने त्रावणकोर संस्थानच्या किनाऱ्यावर, मनवलकुरिचीच्या परिसरात, या वाळूचे मोठे साठे ओळखल्यावर त्या दरबारच्या मुलुखातून तिची रवानगी युरोपात होऊ लागली.

आता हिशेब पाहावा. या वाळूत थोरियम ऑक्साइड शेकडा आठ-नऊ भाग, आणि विरल मृत्तिकांची ऑक्साइडे मात्र त्याच्या सहापटीहून अधिक. मँटलवाल्यास हवे होते ते थोरियम, उरलेला ढीग कारखान्याच्या आवारात पडून राही. आउअरने 1903 मध्ये त्या ढिगापासून सेरियम व लोखंड यांच्या मिश्रणाची चकमक बनवली, जी आजही सिगारेट पेटवण्याच्या लायटरमध्ये ठिणगी पाडते. आणि विरल मृत्तिका एकमेकींपासून वेगळ्या न करता एकत्रच वितळवून केलेला जो धातू, ज्यात निम्म्याच्या आसपास सेरियम असे, तो ‘मिशमेटल’ या नावाने बाजारात स्वस्तात मिळू लागला.

हा स्वस्त मिशमेटल 1930 नंतरच्या दशकात मॅग्नेशियमच्या मुशीत पडला. तसे करणाऱ्यांच्या मनात झीज नव्हती, उष्णता होती. ॲल्युमिनियम घातलेल्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत कणांच्या सीमांवर जे संयुग साचते ते 120 अंशांच्या पुढे नरम पडू लागते, आणि मग इंजिनाच्या आवरणासारखा भाग दीर्घकाळ भाराखाली राहून हळूहळू ताणत जातो. सेरियम व मॅग्नेशियम यांचे संयुग मात्र इतके तापसह की त्यांचे सर्वांत कमी तापमानास वितळणारे मिश्रणही 592 अंशांपर्यंत घन राहते, तर ॲल्युमिनियमचे तसेच मिश्रण 437 अंशांनाच वितळते. जर्मनीत फ्रित्स झाउअरवाल्डने 1937 साली झिर्कोनियम घालून कण बारीक करण्याची युक्ती शोधली, तीस ॲल्युमिनियमचे वावडे होते. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर मँचेस्टरजवळच्या क्लिफ्टन जंक्शन येथील मॅग्नेशियम इलेक्ट्रॉन कंपनीने ॲल्युमिनियमला रजा देऊन जस्त, विरल मृत्तिका व झिर्कोनियम यांचा मिश्रधातू जेट इंजिनांसाठी पुरवला, आणि हेलिकॉप्टरांच्या गिअरबॉक्सची आवरणे पुढे पुष्कळदा याच कुळातील मिश्रधातूंची ओतली जाऊ लागली.

आपल्याकडे या अवधीत वाळूचे भाग्य पालटले होते. थोरियम अणुशक्तीच्या कामाचे ठरताच 1946 मध्ये हिंदुस्थान सरकारने मोनाझाइटच्या निर्यातीस मनाई केली. 1950 मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स कंपनीची स्थापना झाली, 1952 च्या डिसेंबरात पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते केरळातील आलुवा येथील कारखान्याचे उद्‌घाटन झाले, आणि तिथून निघालेला थोरियमचा अंश शुद्ध होण्यासाठी मुंबईजवळ तुर्भ्यास 1955 मध्ये उभारलेल्या कारखान्याकडे जाऊ लागला. विरल मृत्तिका तेव्हाही मुख्य धनाबरोबर येणारी जोडवस्तूच होती.

झिजेचा प्रश्न यानंतर पुन्हा उघडला गेला तो मोटारींमुळे, वजन घटवून इंधन वाचवण्याच्या निकडीतून. इ. स. 2000 मध्ये कॅनडातील विंडसर विद्यापीठात चेन आणि अल्पास यांनी शेकडा नऊ भाग ॲल्युमिनियम असलेला मॅग्नेशियमचा मिश्रधातू पोलादावर निरनिराळ्या भारांनी व वेगांनी घासून त्याच्या झिजेचा नकाशाच काढला. सौम्य झीज सोडून धातू एकाएकी विनाशक झिजेच्या मार्गास कधी लागतो, तर घासणाऱ्या पृष्ठाचे तापमान सुमारे 74 अंशांना पोहोचते तेव्हा, असे त्यांना आढळले. म्हणजे भार आणि वेग ही कारणे खरी, पण घर्षणाची उष्णता पृष्ठ नरम करते तिथे त्यांचा अंमल सुरू होतो. यावरून सेरियमचा जुना गुण नव्या अर्थाने उमगतो. जो धातू तापला तरी नरमत नाही तो घासला तरी चटकन ढासळत नाही. विरल मृत्तिकांनी ॲल्युमिनियम आपल्याकडे ओढून घेतल्याने ते नरम संयुग थोडे साचते, त्या जागी कठीण, तापसह कण येतात, आणि विनाशक झिजेची सीमा अधिक भाराकडे सरकते. हलक्या भाराखाली मात्र हा लाभ फारसा दिसत नाही.

प्रमाणाचा विवेक इथे सर्वस्व आहे. विरल मृत्तिका शेकडा काही भागांपलीकडे वाढल्या की त्यांची संयुगे जाड सुयांच्या आकाराने वाढतात, त्या सुया भाराखाली तुटतात आणि सुटलेले तुकडेच दोन पृष्ठांमध्ये अडकून धातू खरवडू लागतात. यामुळे व्यवहारातील अभियंता सावध राहतो. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये बेअरिंग बसते त्या छिद्रात पोलादी अस्तर घालण्याची चाल आहे. आणि बीएमडब्ल्यू कंपनीने 2004 मध्ये मॅग्नेशियमच्या कवचाचे जे सहा सिलिंडरांचे इंजिन बाजारात आणले, त्यात बाहेरचे सगळे अंग मॅग्नेशियमचे ओतले असले तरी दट्टा ज्या भिंतींवर घासतो त्या भिंती ॲल्युमिनियम व सिलिकॉनच्या मिश्रधातूच्याच ठेवल्या होत्या.