खिरीचा सण आणि बिरड्याचा सण

वाचकहो, आपल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याचा इतिहास सांगायचा म्हटले, की कुलाब्याचा किल्ला, मुरूडचा जंजिरा, रेवदंड्याचा पोर्तुगीज तट ही नावे आपसूक पुढे येतात. दगड टिकतो, म्हणून दगडाचा इतिहास सांगणे सोपे जाते. परंतु ज्यांनी किल्ला बांधला नाही, ताम्रपट कोरला नाही, बखर लिहून ठेवली नाही, अशा साध्या माणसांचा इतिहास शोधायचा तरी कुठे? आज मी तुम्हांला अशाच एका समाजाच्या चुलीपाशी नेणार आहे. हा समाज म्हणजे अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहे या भागांतले बेने इस्राएल. कोकणातले, घरात मराठी बोलणारे यहुदी.

जुन्या लोकांना ते 'शनवार तेली' म्हणून ठाऊक होते. तेलाचा घाणा चालवणे हा त्यांतल्या बऱ्याच घरांचा धंदा. शनिवार उजाडला की घाणा बंद, बैल मोकळा. शनिवार हा त्यांच्या धर्मात विसाव्याचा दिवस. शेजाऱ्यांनी त्यावरूनच नाव पाडले. बाकी नावगाव पाहाल तर सगळे आपल्यासारखेच. किहीमचे ते केहिमकर, नवगावचे नवगावकर, पेझारीचे पेझारकर, झिराडचे झिराडकर, तसेच रोहेकर आणि पेणकर. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. सामानसुमान, धर्माची पुस्तके, सारे काही समुद्रात गेले. हे केव्हा घडले याचा लेखी पुरावा नाही. ती त्यांची पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली हकिगत आहे. नवगावला त्यांचे जुने दफनस्थान मात्र आहे, आणि समाज त्याला मान देतो.

आता विचार करा. पुस्तक नाही, पुरोहित नाही, हिब्रू भाषा विसरलेली. मग धर्म टिकतो कशावर? या लोकांना चार-पाच गोष्टी तेवढ्या आठवत होत्या. 'शेमा' ही एक प्रार्थना, शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशी होणारी सुंता, काही उपास आणि काय खावे, काय खाऊ नये याचे नियम. पहिल्या गोष्टी पुरुषांनी सांभाळल्या असे म्हणू. शेवटची गोष्ट मात्र बायकांच्या हाती होती. ती कशी टिकली, हे पाहण्यासारखे आहे.

किहीमकडचे आडनाव लावणारे हाइम सॅम्युएल केहिमकर नावाचे एक गृहस्थ एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. १८९७ साली तो लिहून झाला. छापला गेला मात्र १९३७ साली, तेल अवीव येथे, म्हणजे लेखकाच्या पश्चात. त्या पुस्तकात जुन्या सणांची मराठी नावे नोंदलेली आहेत. ऐका तर खरी : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अनाशी ढाकाचा सण, बिरड्याचा सण. यात एकही हिब्रू शब्द नाही. यहुद्यांचे सण, पण नावे सगळी आपल्या ओटीवरची आणि स्वयंपाकघरातली. धर्मग्रंथातले नाव विसरले, पण त्या दिवशी चुलीवर काय शिजते किंवा काय शिजत नाही, हे घर विसरले नाही!

एकेक पाहू. खिरीचा सण पावसाळ्याच्या अखेरीस, यहुदी वर्षाच्या पहिल्या महिन्यात येई. नव्या दाण्याची खीर करायची, तीत नारळाचे दूध आणि गोड घालायचे, ऊद जाळायचा, शेमा म्हणायचा आणि मग खीर खायची. शेतकरी बंधूंना यात परके असे काही वाटणार नाही. नवे आले की आधी देवाचे नाव घ्यायचे, मग तोंडात घालायचे, ही रीत आपल्याही घरी आहेच.

अनाशी ढाकाचा सण हा तर फारच बोलका. यहुद्यांचा वल्हांडण सण, म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याची आठवण. त्या दिवसांत खमीर, म्हणजे आंबवलेले धान्य, घरात ठेवायचे नाही आणि भाकर खायची ती बेखमीर. पण कोकणातल्या घरात आंबवलेला पाव कुठला? आपली तांदळाची भाकरी मुळातच बेखमीर. पाव हा शब्ददेखील पोर्तुगिजांबरोबर आलेला. मग नियम पाळायचा कशाने? आंबट पदार्थ भरून ठेवलेले जे मडके घरात असे, ती अनाशी; तिच्यावर झाकण घालून ती त्या दिवसांत बंद ठेवायची. म्हणून अनाशी ढाकाचा सण. मला यात मोठा अर्थ दिसतो. मूळ आज्ञा कशासाठी होती हे विसरले असेल, पण 'आंबलेले काही तरी या दिवसांत दूर ठेवायचे' एवढे धोरण हाताने धरून ठेवले. पाव नव्हता, तर मडक्यावर झाकण आले.

बिरड्याचा सण पडे आषाढ-श्रावणाच्या सुमारास. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले, त्याच्या शोकाचा हा दिवस. शोकाच्या दिवसांत मांस वर्ज्य. भर पावसात आपल्याकडे समुद्रही बंद असतो. मग घरात काय असते? कडवे वाल! भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर पेरलेले, हिवाळ्यात कोवळ्या शेंगांनी पोपटी लावून संपले नाहीत ते, वाळवून साठवलेले वाल. रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. असे ते बिरडे आणि भात, केळीच्या पानावर, एवढेच त्या दिवशीचे जेवण. दोन हजार वर्षांपूर्वी दूरदेशी पडलेल्या एका मंदिराचे दुःख आपल्या कोकणात वालाच्या बिरड्याने पाळले जात होते.

आता गोडाकडे वळू. नव्या वर्षाच्या सणाला या घरांतून चिकाचा हलवा होतो. तो करणे म्हणजे चेष्टा नव्हे. गहू दोन-तीन दिवस पाण्यात भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचे, मग ते वाटून, पिळून चीक काढायचा. चीक स्थिर ठेवला की तळाशी बसतो. वरचे पाणी हलकेच ओतून टाकायचे. मग मोठ्या पातेल्यात चीक, नारळाचे दाट दूध आणि साखर एकत्र करून मंद विस्तवावर ढवळत बसायचे. हात थांबला की खाली लागलेच म्हणून समजा. तास-दोन तासांनी गोळा पातेल्याच्या कडा सोडू लागला, की वेलची घालून ताटात ओतायचा, वर बदाम-पिस्त्याचे काप लावायचे आणि थंड झाल्यावर वड्या पाडायच्या. एकाने ढवळायचे, दुसऱ्याने हात दुखला की पुढे व्हायचे. सारे घर त्या पातेल्याभोवती. प्रमाण घरोघर निराळे, आणि जो तो आपल्या आजीचेच खरे म्हणणार!

इथे कोणी विचारील, गाईचे दूध सोडून नारळाचे दूध कशाला? कोकणात नारळ मुबलक हे एक कारण झालेच. पण दुसरे कारण धर्माचे. मांस आणि दूध एका जेवणात येऊ नये, असा यहुद्यांचा कडक नियम. सणाला मटण शिजायचे, तर त्यावर दुधातुपाचे गोड चालणार नाही. कोकणच्या नारळाने ती अडचण सोडवली. खिरीत नारळाचे दूध, हलव्यात नारळाचे दूध, कालवणातही तेच. परधर्मातला नियम आणि आपल्या वाडीतले झाड यांची इतकी छान सोयरीक क्वचितच पाहायला मिळते.

या स्वयंपाकघराने एकदा साक्षही दिली, अशी परंपरा आहे. दावीद रहाबी नावाचे एक यहुदी विद्वान या किनाऱ्यावर आले. हे लोक शनिवार पाळतात हे पाहून त्यांना संशय आला, की हे आपलेच तर नव्हेत? त्यांनी परीक्षा केली ती पंडितांची नव्हे, बायकांची. टोपलीभर मासळी आणून दिली आणि म्हणाले, शिजवा. यहुदी नियमाप्रमाणे पर आणि खवले असलेला मासाच खाण्यास योग्य. बायकांनी तशी मासळी घेतली, बाकीची बाजूला काढली. आपल्या भाषेत सांगायचे, तर रावस, बोय चालतात. मुशी, शिंगाळा, कोळंबी, चिंबोरी चालत नाहीत. रहाबींची खात्री पटली. ते कोणत्या काळी आले याविषयी मतभेद आहेत. केहिमकर त्यांना फार मागे नेतात, तर अलीकडचे अभ्यासक कोचीनच्या अठराव्या शतकातल्या रहाबी घराण्याशी संबंध जोडतात. पण कथा समाजाने जपली, कारण तिच्यात त्याला स्वतःची ओळख दिसली.

मलिद्याचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. मलिदा हा शब्द फारसी, कुस्करणे-मळणे या अर्थाच्या धातूवरून आलेला. आपल्याकडे दर्ग्याला पोळी कुस्करून गुळाचा मलिदा नेतात, तो तुम्हांला माहीत असेल. बेने इस्राएलांनी नाव तेच ठेवले, पण पदार्थ पोह्यांचा केला. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा आणि भोवती फळे. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात जाताना मलिदा होतो. एलियाहू हानाबी या संदेष्ट्याचे नाव घेतले जाते. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटावरचे खंडाळे वेगळे) खडकावर काही खुणा आहेत. त्याला 'एलियाहू हानाबीचा टापा' म्हणतात. संदेष्ट्याचा रथ तिथून स्वर्गात गेला, अशी या समाजाची श्रद्धा. दूरदूरची माणसे तिथे येऊन मलिदा करतात.

एकोणिसाव्या शतकात विसरलेली पुस्तके परत आली. कोचीनहून शिक्षक आले, शाळांतून हिब्रू शिकवले जाऊ लागले, रेवदंडा आणि अलिबागला प्रार्थनामंदिरे उभी राहिली. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातले एक चित्र पाहण्याजोगे आहे. साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करीत आहेत! पण पुस्तके आली आणि सणांना हिब्रू नावे मिळाली, तशी जुनी मराठी नावे मागे पडू लागली. केहिमकरांनी ती वेळीच टिपली नसती, तर खिरीचा सण आणि बिरड्याचा सण हे शब्द आज आपल्याला ठाऊकही नसते.

पुढे १९४८ साली इस्राएलची स्थापना झाली आणि हा समाज हळूहळू तिकडे निघाला. डिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद या गावांत मराठी घरे झाली. परंतु तिथे एक विचित्र प्रसंग आला. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने या समाजाच्या लग्नांपूर्वी पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी करण्याचा आदेश काढला. जुने घटस्फोट धर्माप्रमाणे झाले होते का, लग्ने बाहेर झाली होती का, अशा शंका होत्या. दाखवायला कागद कुठून आणायचे? लोकांनी निदर्शने केली, धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदीच आहेत, असे जाहीर केले. एका काळी मासळीच्या टोपलीने जे सिद्ध झाले असे म्हणतात, त्यासाठी दुसऱ्या काळी संसद बसवावी लागली. हा निर्णय खिरीवर किंवा हलव्यावर झाला नाही, हे मान्य. पण ज्या लोकांनी नियमांचे पुस्तक हाती नसताना पानातला नियम सोडला नाही, त्यांनाच वंशावळीचा कागद मागितला गेला, हे मनाला लागते.

आज आपल्या किनाऱ्यावर त्यांची मोजकी घरे उरली आहेत. अलिबागच्या इस्रायल आळीत प्रार्थनामंदिर आहे, नवगावला दफनस्थान आहे. दगडांची काळजी कोणी ना कोणी घेईल. पातेल्याचे काय?

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. ही गोष्ट एका समाजाची असली, तरी धडा सगळ्यांसाठी आहे. आगरी, कोळी, भंडारी, मुसलमान, ख्रिस्ती, ब्राह्मण, प्रभू, कोणत्याही घरचे मूल असो, त्याला एक वही द्या आणि आजीपाशी बसवा. कोणत्या सणाला काय होते, ते कशात शिजते, कोणी शिकवले, हे त्याला लिहू द्या. आणि आणखी एक प्रश्न विचारायला सांगा, जो सहसा कोणी विचारीत नाही : या पदार्थात काय घालायचे नाही, आणि का? आजी कदाचित म्हणेल, 'का ते ठाऊक नाही, पण आमच्यात घालत नाहीत.' ते वाक्यही जसेच्या तसे लिहून घ्या. मडक्यावरच्या एका झाकणात केवढा इतिहास झाकलेला होता, ते आपण आत्ताच पाहिले.